काँक्रीटआधी वजनाची चौकशी: कारखान्यांच्या संरचनात्मक तपासणीत नव्याने येणाऱ्यांसाठी

स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेऊन तपासणीच्या कामात येणाऱ्या बहुतेकांची सुरुवात गृहनिर्माण संस्थांच्या स्ट्रक्चरल ऑडिटने होते, कारण महापालिका हद्दीतील तीस वर्षांहून जुन्या इमारतींना ते कायद्याने बंधनकारक आहे आणि ते काम भरपूर मिळते. कारखान्याची तपासणी म्हणजे त्याचेच मोठे रूप, असे समजून जे येतात त्यांची दिशा पहिल्याच दिवशी चुकते. राहत्या घराचा वापर वर्षानुवर्षे साधारण तसाच राहतो, जुने होते ते बांधकाम. कारखान्यात मात्र मालक बदलतो, माल बदलतो, यंत्रे बदलतात, आणि एका वजनासाठी बांधलेली इमारत निराळेच वजन पेलत उभी असते. ठाणे आणि नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात बरीच वर्षे हे काम केल्यावर नवोदितांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, हातोडी काढण्याआधी वजनाची चौकशी करावी.

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक आहे, आणि खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्राचा) पट्टा पसरला आहे. इथे लोखंडी कैच्यांच्या पत्र्याच्या शेड आहेत, आरसीसीचे बहुमजली गाळे आहेत, आणि शेडच्या पोटात नंतर उभारलेले माळे तर जागोजागी आहेत. या माळ्यांचे नकाशे बहुधा मिळत नाहीत. मूळ मंजूर नकाशा मिळाला तरी तो हातात धरून प्रत्येक मजला चालून पाहावा आणि नकाशात नसलेली प्रत्येक गोष्ट लाल पेनने त्यावर उतरवावी. गच्चीवरची जादा टाकी, भिंत पाडून केलेला दरवाजा, स्लॅबला पाडलेले भोक, कॉलमला बोल्ट मारून टांगलेला पाइप, यातले काहीही क्षुल्लक समजू नये. व्यवस्थापकापेक्षा स्टोअरकीपर आणि जुना मेंटेनन्स फिटर अधिक सांगतात. कोणते यंत्र कधी कुठे हलवले आणि कोणत्या पावसाळ्यात कुठून गळायला लागले, हे त्यांना तोंडपाठ असते.

या चौकशीचे महत्त्व साध्या हिशेबाने पटते. कार्यालयाच्या मजल्यासाठी आयएस ८७५ या भारांविषयीच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात वापरानुसार दर चौरस मीटरला २.५ ते ४ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचे वजन) इतका चलभार, म्हणजे माणसे, सामान यांचा बदलता भार, धरला जातो. आता त्याच मजल्यावर छपाईच्या कागदाचे गठ्ठे दीड मीटर उंचीपर्यंत रचले आहेत असे समजा. कागदाचे वजन घनमीटरला साधारण ८०० किलो धरले, तर चौरस मीटरला १२०० किलो, म्हणजे सुमारे १२ किलोन्यूटन भार झाला. स्लॅबला अजून एकही तडा नसेल, रंग ताजा असेल, तरीही तो मजला धोक्यात आहे, आणि हे कोणतेही उपकरण सांगणार नाही. यंत्रे असलेल्या कामाच्या जागेसाठी तेच मानक हलक्या, मध्यम आणि जड कामाप्रमाणे अनुक्रमे ५, ७ आणि १० किलोन्यूटन सांगते. हे आकडे पाठ असावेत.

ढाक्याजवळच्या सावार येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली. आदल्या दिवशी तडे दिसले होते, बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, पण कपडे शिवणाऱ्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. दुकाने आणि कार्यालयांसाठी कल्पिलेल्या इमारतीत शिवणयंत्रे होती, वर मजले वाढवलेले होते आणि वरच्या मजल्यांवर मोठे जनरेटर होते. त्यानंतर बांगलादेशातील कारखान्यांची जी मोठी तपासणी झाली, तिच्यात कोणत्या मजल्यावर किती भार चालेल याचा आराखडा करण्यावर आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूस नेमण्यावर भर होता. आपल्याकडेही अहवालात असा भार-आराखडा जोडावा आणि प्रत्येक मजल्यावर अनुज्ञेय भाराची पाटी मराठी-हिंदीत लावायला सांगावी, असे माझे ठाम मत आहे.

यानंतर प्रत्यक्ष बांधकाम पाहावे. लोखंडी शेडमध्ये कॉलमचा पाया सर्वांत आधी बघा. आम्लाची कामे चालतात तिथे फरशी रोज धुतली जाते, आणि कॉलमच्या तळाशी गंज दिसू नये म्हणून कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला असतो. तो गिलावा फोडायला लावा. एका शेडमध्ये असा गिलावा उतरवला तेव्हा फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत गंजाचे पापुद्रे हातात येत गेले, आणि ते खरवडून झाल्यावर उरलेली जाडी व्हर्नियरने मोजली तर मूळच्या निम्मीही नव्हती. त्याच कॉलमवर कंबरेच्या उंचीला रंग शाबूत होता.

आरसीसीत तड्याची दिशा वाचायला शिका. तुळईच्या मध्यावर खालून वर जाणारा उभा तडा वाकण्याचा असतो, टेकूजवळचा तिरपा तडा कातरबलाचा असतो आणि तो अधिक गंभीर समजावा, तर सळईला समांतर धावणारा तडा बहुतेक वेळा गंजाचा असतो, कारण गंजलेले लोखंड फुगते आणि कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या आवरणाचे, काँक्रीट ढकलून देते. कॉलमवर उभे तडे किंवा चिरडल्याच्या खुणा दिसल्या, तर त्या दिवशीचे बाकीचे काम थांबवावे.

उपकरणांवर फार विसंबू नये. रिबाउंड हॅमरच्या, म्हणजे पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणाऱ्या हातोडीच्या, मजबुतीच्या अंदाजात २५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते, आणि कार्बोनेशन झालेला (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे क्षारता गमावलेला) जुना पृष्ठभाग कठीण असल्यामुळे तो आकडा फसवा जास्त दाखवतो. फिनॉल्फ्थॅलीन टाकून गुलाबी रंग कुठून सुरू होतो ते पाहावे; रंग न येणारा थर कार्बोनेशन झालेला असतो. शंका राहिली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, कापून काढावेत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे किमान तीन, सरासरी अपेक्षित मजबुतीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. सळईचे विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली वाचन गेले, तर तिथे गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. खाडीच्या खाऱ्या हवेत ही चाचणी टाळू नये.

छपरावर चढताना जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका. फळ्या टाकून, पट्टा बांधूनच जा. पत्रा फुटून माणूस खाली पडणे हा या कामातला सर्वांत ओळखीचा अपघात आहे. वर किंवा खालून पाहताना कापलेले ब्रेसिंग (सांगाड्याचे तिरपे आधार) आणि पर्लिनवर (पत्रे पेलणाऱ्या आडव्या पट्ट्यांवर) नव्याने बसवलेले सौर पॅनेल नोंदवा.

अहवालाची भाषा हा स्वतंत्र अभ्यास आहे. मालकाला बहुधा परवान्यासाठी स्थैर्य प्रमाणपत्र हवे असते, तेही तातडीने. धोका दिसला तर पूर्ण अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी लेखी कळवावे: कोणता भाग, कोणते वजन उतरवायचे, कुठे टेकू द्यायचे, तिथे माणसे थांबवायची की नाही. ‘योग्य ती दुरुस्ती करावी’ असे वाक्य लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४० प्रमाणे इमारत माणसाच्या जिवाला धोकादायक वाटल्यास निरीक्षक उपाययोजनेचा लेखी आदेश देऊ शकत असे, आणि धोका तत्काळ असेल तर वापरही थांबवू शकत असे. आता त्या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० ची नवी संहिता आली असल्याने कोणता नियम लागू आहे, हे दरवेळी ताडून पाहावे.

असे प्रमाणपत्र देणारी सक्षम व्यक्ती होण्यासाठी कारखाने नियमांत पदवीबरोबर संरचनांचे संकल्पन, बांधकाम, चाचणी किंवा दुरुस्ती यांतला किमान दहा वर्षांचा अनुभव मागितलेला आहे. ही वर्षे केवळ चाचण्यांच्या आकड्यांत घालवू नयेत. काही काळ संकल्पनाच्या कार्यालयात बसावे, म्हणजे भार कुठून कुठे जातो हे अंगवळणी पडते, आणि काही काळ दुरुस्तीच्या कंत्राटदाराबरोबर राहावे. पावसाळ्याआधी टीटीसीत दुरुस्तीची कामे जोरात असतात. त्या दिवसांत साइटवर उभे राहायला मिळाले तर ती संधी सोडू नये, कारण प्लास्टर उतरवलेला, सळया उघड्या पडलेला कॉलम एरवी इतक्या जवळून पाहायला मिळत नाही.