सहा सर्व्होंचा ग्लायडर: ट्रान्समीटर प्रोग्राम करताना या चुका टाळा

दोन एलेरॉन (पंखाच्या टोकाकडचे, मॉडेल कलवणारे पृष्ठभाग), दोन फ्लॅप (पंखाच्या मुळाकडचे), एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा), आणि प्रत्येकाला हलवणारी एकेक छोटी मोटर म्हणजे सर्व्हो, असा रिमोटवर चालणारा मॉडेल ग्लायडर एजटीएक्सवर, म्हणजे ट्रान्समीटरच्या सॉफ्टवेअरवर, बसवताना सर्वांत जास्त घोळ फ्लॅपचा होतो, आणि तो मेनू उघडण्याआधीच झालेला असतो.

फ्लॅपला खाली ८० ते ९० अंश जायचं असतं, वर जेमतेम ५. तरीही सर्व्हो मध्यावर, म्हणजे १५०० मायक्रोसेकंदांच्या सिग्नलवर ठेवून आणि फ्लॅप पंखाच्या सपाटीत धरून हॉर्न (सर्व्होची दांडी) आवळला जातो. मग सर्व्होची एका बाजूची चाल जवळजवळ पूर्ण वाया जाते, ब्रेक (उतरताना वेग कमी करायला फ्लॅप खाली नेणं) अर्ध्यातच थांबतो आणि तो वाढवायला सब-ट्रिम, म्हणजे सर्व्होचा मध्य सरकवणारी सेटिंग, ताणला जातो. त्याऐवजी सर्व्हो मध्यावर असताना फ्लॅप सुमारे ४० अंश खाली राहील असा हॉर्न बसवा. मग फ्लॅपच्या चॅनेलवर 'मॅक्स' स्रोताची (नेहमी पूर्ण, स्थिर मूल्य देणारा स्रोत) एक मिक्स ओळ टाकून तिच्या वेटने, म्हणजे टक्केवारीने, फ्लॅप सपाटीत आणा. सब-ट्रिम शेवटच्या एक-दोन अंशांपुरताच.

ब्रेक लावला की मॉडेल एका बाजूला कलतंय? दोन्ही फ्लॅप टोकांना जुळतात, पण अधेमधे जुळत नाहीत. आधी दोन्हीकडची पुशरॉडची लांबी आणि हॉर्नचा कोन एकसारखा करा. तरी फरक उरला तर आउटपुट्समध्ये (प्रत्येक सर्व्होची अंतिम सेटिंग ठरवणाऱ्या पानावर) एका फ्लॅपला पाच बिंदूंचा कर्व्ह देऊन तो दुसऱ्याशी बिंदूबिंदूला जुळवा.

सर्व्होची दिशा उलटवायची ती आउटपुट्समध्येच. मिक्समध्ये उणे वेट देऊन एलेरॉन सरळ केला, तर पुढे कॅम्बर (पंखाची वक्रता बदलणं) आणि ब्रेकच्या प्रत्येक ओळीत चिन्हांचा गुंता होतो.

बटरफ्लाय ब्रेकमध्ये फ्लॅप खाली जातात, एलेरॉन सुमारे २० अंश वर येतात आणि बहुतेक मॉडेलांचं नाक वर उठतं. त्यासाठी एलेव्हेटर खाली द्यावा लागतो, पण सरळ रेषेत नाही. नाक सर्वांत जास्त उठतं ते ब्रेकच्या पहिल्या एक-तृतीयांश चालीत. म्हणून भरपाईचा कर्व्ह सुरुवातीला चढा आणि पुढे सपाट ठेवा. उदाहरणार्थ ब्रेक बंद ते पूर्ण या पाच बिंदूंवर ०, ५०, ८०, ९५, १०० टक्के. पूर्ण ब्रेकला एलेव्हेटरच्या २ ते ४ मिमी खालच्या चालीपासून सुरुवात करा आणि चाचणी भरपूर उंचीवर घ्या. जमिनीजवळ चूक सुधारायला वेळच मिळत नाही.

याच वेळी एलेरॉनचं डिफरेन्शियल, म्हणजे त्याची खालची चाल वरच्यापेक्षा कमी ठेवण्याची सेटिंग, विसरलं जातं. वर उचललेल्या एलेरॉनला आणखी वर जाऊन फारसा परिणाम साधता येत नाही, आणि डिफरेन्शियलमुळे त्याची खालची चाल आधीच कापलेली असते. परिणामी उतरताना मॉडेल कलवता येत नाही. ब्रेक वाढेल तसं डिफरेन्शियल शून्याकडे न्या.

'लँडिंग'चं बटण दाबूनही काही घडत नसेल तर फ्लाइट मोडचे (उड्डाणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांसाठी साठवलेल्या सेटिंगचे) क्रमांक पाहा. एफएम१ ते एफएम८ यांपैकी चालू असलेला सर्वांत लहान क्रमांक जिंकतो, आणि एकही चालू नसेल तेव्हाच एफएम० लागतो. थर्मल १ वर आणि लँडिंग ३ वर असेल, तर थर्मल चालू असेपर्यंत लँडिंग येणारच नाही. मोड बदलताना झटका बसत असेल तर फेड इन आणि फेड आउट अर्धा ते एक सेकंद ठेवा.

मोटर असलेल्या ग्लायडरमध्ये फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर सर्व्हो आणि मोटरने काय करायचं ते) 'होल्ड'वर, म्हणजे शेवटची स्थिती धरून ठेवण्यावर, सोडू नका. सिग्नल गेला तरी मोटर फिरतच राहू शकते. मोटर बंद आणि ब्रेक उघडे अशी स्थिती नोंदवा. मग प्रोपेलर काढून ट्रान्समीटर बंद करून पाहा. कस्टम फेलसेफमध्ये चॅनेलची त्या क्षणाची आउटपुट मूल्यं साठतात, त्यामुळे नंतर मॅक्सची ओळ किंवा हॉर्न बदलला तर फेलसेफ पुन्हा नोंदवावा लागतो.