आवाज भरदार येत नाही? प्रीअँपवर खर्च करण्याआधी या चुका टाळा

घरी घेतलेलं गाणं ऐकताना बहुतेकांची तक्रार एकच असते. सूर लागलेला असतो, शब्द स्वच्छ असतात, पण गाणारा समोर बसलाय असं वाटत नाही. आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा पातळ येतो. मग संशय जातो इंटरफेसमधल्या (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रातल्या) स्वस्त प्रीअँपवर, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागावर. माझाही गेला होता. इंटरफेसच्या दुपटीहून जास्त किमतीचा वेगळा प्रीअँप आणला, त्याच खोलीत, त्याच जागी तोच अभंग पुन्हा घेतला आणि दोन्ही टेक सारख्या पातळीवर लावले, तर कुठला कोणता हे मला ओळखता येईना. फरक पडला तो नंतर, गाणाऱ्याला कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे पाठ करून बसवलं तेव्हा.

म्हणून आधी प्रीअँपचा हिशोब करू. फोकसराइट स्कारलेट या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत प्रीअँपची स्वतःची सळसळ उणे १२८ डीबीयू दिलेली आहे (उणे आकडा जितका मोठा, सळसळ तितकी कमी). १५० ओहमच्या साध्या रोधकातून निव्वळ उष्णतेमुळे निघणारी सळसळच उणे १३१च्या आसपास असते. त्यामुळे कितीही पैसे ओतले तरी वाचण्यासारखे डेसिबल मोजकेच. एटी२०२०सारखा कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माइक, जोडला, तर स्कारलेटची ही सळसळ माइकसमोरच्या एखाद-दुसऱ्या डेसिबलच्या आवाजाइतकी भरते. त्या माइकची स्वतःची सळसळ २० डेसिबल आहे, आणि शहरातली खोली रात्री पंखा बंद केल्यावरही ३०च्या आसपास असते. तुमचा आवाज पातळ करणारा गुन्हेगार या रांगेत प्रीअँप नाही.

माइकपासून लांब बसणं

सगळ्यात मोठी चूक ही आहे. माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीची घुमणूक मात्र होती तेवढीच राहते. आवाज ‘समोर’ येणं म्हणजे मुख्यतः हेच प्रमाण. शिवाय कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारा) माइक जवळ आला की खालचे सूर आपोआप भरतात. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, आणि भरदारपणा मिळवण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. कंडेन्सर असेल तर पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) लावून एक वीत किंवा त्याहून थोडं कमी, एसएम५८सारखा डायनॅमिक (कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील) माइक असेल तर चार बोटं. फ, भ, प, ख हे वर्ण जोरात फुटत असतील तर माइक लांब नेऊ नका. तो ओठांच्या रेषेपासून किंचित बाजूला सरकवा, म्हणजे फुंकर निघून जाते आणि आवाज राहतो.

आपल्याकडच्या गाण्यात अंतर बिघडण्याची खास कारणं आहेत. मांडी घालून पेटी पुढ्यात घेतली की माइकला जवळ यायला जागाच उरत नाही, म्हणून पेटी वेगळी घ्या आणि गाताना फक्त हेडफोनवर ऐका. वही मांडीवर असली की हनुवटी खाली जाते आणि आवाज कागदावर आदळतो, म्हणून शब्द माइकच्या मागे डोळ्यांच्या उंचीला लावा. मैफलीत समेवर मान तबलजीकडे वळते. घरी तबलजी नसतो, तरी सवय राहते, आणि त्या एका शब्दापुरता आवाज मागे जातो. तार सप्तकात माइकपासून मागे होण्याची रंगमंचावरची सवयही इथे बेतानेच ठेवा. दोन बोटं पुरे, हातभर नको.

फोम चुकीच्या भिंतीला लावणं

माइकच्या मागच्या भिंतीला फोम चिकटवलेला मी असंख्य घरांत पाहिला आहे. पण कार्डिऑइडला मागचं जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत त्याला सगळ्यात स्पष्ट ऐकू येते. रजई टांगायची ती तिथे. अंड्यांचे ट्रे तर कुठेच लावू नका. इंचभर फोमही फक्त वरचे सूर शोषतो, खालची घुमणूक तशीच राहते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

ही खालची घुमणूक सुरांच्या भाषेत पाहा. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतींमध्ये साधारण ५७ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ११३-११४ला, लहरी अडकून उभ्या राहतात. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून) गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३८.६ हर्ट्झला, आणि मंद्रातला कोमल धैवत ११०ला. खोलीच्या बरोबर मध्यावर बसून तोडी गायलात, तर नेमका तो धैवत ढोलासारखा घुमणार आणि बाकीचे सूर त्याच्यापुढे पातळ वाटणार. मिक्समध्ये बसून मग तुम्ही एका सुरासाठी सगळ्या आवाजाचा तळ कापता. त्याऐवजी मध्य सोडा आणि कापसाची जाड गादी पाठीमागे, भिंतीपासून थोडी अंतरावर, उभी करा. इंचभर फोमपेक्षा ती कितीतरी जास्त काम करते.

गेनचा गोंधळ

लाल दिव्याच्या जवळ गेल्याशिवाय आवाज दमदार येत नाही, हा समज टेपच्या काळातला आहे. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत जोरकस तान उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत (शून्य म्हणजे लाल दिवा) गेली तरी भरपूर झालं. आणि गेन, म्हणजे प्रीअँप आवाज किती वाढवतो ते, लावताना ‘हॅलो, चेक’ म्हणून लावू नका. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण दमाने गाऊन लावा, कारण खरा टेक सुरू झाला की प्रत्येक जण जास्त जोरात गातो.

इथे प्रीअँप खरोखर कमी पडतो असा एक प्रसंग येतो, तोही सांगायला हवा. एसएम७बीसारख्या मंद माइकला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो; तिसऱ्या पिढीच्या स्कारलेटकडे ५६ आहे. त्यात गाणारीचा आवाज मृदू, अंगाई नाहीतर ओवी, म्हणजे बटण शेवटपर्यंत जातं, आणि स्वस्त इंटरफेसमध्ये बऱ्याचदा बटणाच्या शेवटच्या टोकाला सळसळ एकदम उसळते. अशा वेळी क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड हे आवाज वाढवणारं छोटं यंत्र माइक आणि इंटरफेसच्या मध्ये जोडा. पहिल्याने २५, दुसऱ्याने २७ डेसिबल मिळतात, आणि दोन्हींना ४८ व्होल्टचा फँटम (इंटरफेसमधून माइकच्या तारेतून जाणारी वीज) लागतो. त्याहून सोपं म्हणजे अशा गळ्यासाठी कंडेन्सर वापरा.

दोन गोष्टी झटपट. समोरून नव्हे तर बाजूने गायचा कंडेन्सर उलटा लावलेला असतो, आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. त्याची पुढची बाजू कोणती ते माहितीपत्रकात बघून घ्या. बारीक गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. दोन पिनांच्या चार्जरमुळे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर शिरतात.

मिक्समध्ये आवाज मागे ढकलणं

व्हिडिओत सांगितलं म्हणून १५० हर्ट्झला हायपास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावला जातो. मघाचा काळी एकचा षड्ज आठवा: तो १३८लाच आहे, तुम्ही गायकाचा ‘सा’ कापलात. पुरुषांसाठी ७०-८०च्या वर जाऊ नका. काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा मंद्र पंचम १७५ला येतो, तिथे १२० चालेल.

उठावासाठी वरचे सूर वाढवतानाही जपून. स्वस्त कंडेन्सर मुळात वर उचललेले असतात, आणि मराठीत चांदणं, जग, झरा यांतले दंततालव्य च-ज-झ दातांतून घासून येतात; स आणि श वेगळेच. ३ ते ५ हजार हर्ट्झमध्ये दीड-दोन डेसिबल पुरतात. काँप्रेसरचा (मोठा आवाज दाबणाऱ्या साधनाचा) अटॅक, म्हणजे दाबायला सुरुवात करण्याचा वेळ, अगदी जलद ठेवला तर शब्दांची सुरुवात दबते आणि आवाज मागे सरकतो. १५ ते ३० मिलिसेकंद ठेवून पाहा, आणि एकाच काँप्रेसरने दहा डेसिबल दाबण्यापेक्षा दोघांकडून तीन-तीन घ्या. त्याआधी मात्र हाताने पातळी सारखी करा. आपल्या ओळी बहुधा क्रियापदावर संपतात, तोवर दम संपलेला असतो, आणि अर्थाचा शब्दच बुडतो. तो प्रत्येक ठिकाणी दोन-तीन डेसिबल वर उचलायला अर्धा तास लागतो. मी तो अर्धा तास कधीच वाचवत नाही.

रिव्हर्बला (कृत्रिम घुमाराला) ४०-५० मिलिसेकंदांचा प्रीडिले, म्हणजे सुरू होण्याआधीचा विलंब, द्या, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमार मागून येतो.

एवढं करूनही आवाज पुढे येत नसेल, तर पेटी ऐका. ती गळ्याच्याच पट्टीत आणि गळ्याच्याच सुरांवर चालते. गाणं सुरू असताना १ ते ३ हजार हर्ट्झमध्ये ती दोन-तीन डेसिबल खाली घ्या, तानपुरा दोन्ही कडांना पसरा, आणि गळ्याचा फेडर (पातळीची सरकपट्टी) आहे तिथेच ठेवून पुन्हा ऐका.