एंटर दाबण्याआधी

देवगड-रत्नागिरीकडे जून लागला की बागा शांत होतात आणि हिशोब लिहिणाऱ्यांचं काम वाढतं. हंगामभर घाईत भरलेल्या पेट्यांच्या नोंदी, दलालांच्या पट्ट्या, एकाच बागायतदाराचं तीन तऱ्हांनी लिहिलेलं नाव, हे सगळं तेव्हाच दुरुस्त होतं. डेटाबेसवर अपडेट (नोंदी बदलणं) आणि डिलीट (नोंदी पुसणं) चालवायचे दिवस हेच. मी चालवण्याआधी काय बघून घेते, ते सांगते.

सुरुवात कागदावर. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, किती नोंदींना हात लावेल, तो आकडा आधी लिहून ठेवायचा. स्वल्पविराम चुकला किंवा कॉलमचं नाव चुकलं, तर बहुतेक वेळा डेटाबेस तिथल्या तिथे अडवतो आणि काही बिघडत नाही. घात करते ती बिनतक्रार चालणारी क्वेरी. देवगड आणि मालवण तालुक्यांतले २०२३ च्या हंगामाचे दर मला बदलायचे होते. मी अट लिहिली: तालुका देवगड ऑर तालुका मालवण अँड हंगाम २०२३. कंस घातले नाहीत. अँड (आणि) आधी बांधला जातो, ऑर (किंवा) नंतर. त्यामुळे मालवणचं फक्त २०२३ बदललं, देवगडची मात्र सगळी वर्षं. क्षणात काम झालं, कुठे चूक दिसली नाही. जुने दर परत भरायला कागदी पट्ट्या काढून तीन दिवस बसले, आणि तेवढे दिवस लोकांचे पैसे अडले. ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून अपडेट लिहायच्या आधी तीच व्हेअरची (कोणत्या नोंदी घ्यायच्या ती) अट सिलेक्टला, म्हणजे नोंदी नुसत्या दाखवणाऱ्या क्वेरीला, लावून नोंदी मोजायच्या आणि त्यातल्या दहा-वीस डोळ्यांनी वाचायच्या. अँड आणि ऑर एकत्र आले की कंस घालायचेच, गरज नसली तरी.

तारखांना वेळ चिकटलेली असते, हे विसरायचं नाही. आपल्याकडची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. या काळातल्या नोंदी बिटवीनने (‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’) काढल्या आणि कॉलममध्ये वेळही असली, तर शेवटची मर्यादा ३१ जुलैच्या सुरुवातीलाच, रात्री बारालाच संपते. एकसष्टावा दिवस जवळजवळ पूर्ण गळतो. त्यापेक्षा ‘१ जूनपासून, १ ऑगस्टच्या आधी’ अशी अट लिहावी.

नावांपाशी मात्र सर्वांत जास्त वेळ द्या. कऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला ऱ एकाच चिन्हाचा असू शकतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांचा. कुणी र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्हही टाकलेलं असतं. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नेहमीच्या तुलनेत ती तीन वेगळी माणसं आहेत. लांबी मोजली की पहिलं ७ निघतं, बाकी दोन ८. नॉर्मलाइज केल्यावर, म्हणजे अक्षरांची रूपं एकसारखी करून घेतल्यावर, नुक्त्याचं रूप पहिल्यासारखं होतं. जोडचिन्ह तसंच राहतं, ते वेगळं काढावं लागतं. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही याच वेळी छाटून टाकावी.

रिकाम्या जागांचंही बघावं. नॉट इनच्या (‘यादीत नसलेले’) आतल्या यादीत एक जरी नल, म्हणजे रिकामी किंमत, आला, तर उत्तरात एकही नोंद येत नाही. अशा ठिकाणी मी नॉट एक्झिस्ट्स (‘अशी नोंदच नसेल तर’) वापरते. जॉइन, म्हणजे दोन तक्त्यांची जोड, असेल तर आधीची आणि नंतरची संख्या ताडून बघावी. एका बागायतदाराच्या दोन बागा असल्या आणि जोड फक्त त्याच्या क्रमांकावर घातली, तर त्याच्या पेट्या दुप्पट दिसतात.

एक्सप्लेन, म्हणजे क्वेरी कशी चालेल त्याचा आराखडा, जरूर बघावं, पण पोस्टग्रेसमध्ये एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ डिलीटला लावलं, तर ते खरोखर पुसून टाकतं.

मग व्यवहार उघडायचा, म्हणजे कायम करेपर्यंत बदल मागे घेता येतात. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस मुळातच प्रत्येक वाक्य लगेच कायम करतो, त्यामुळे व्यवहार सुरू करणारं बिगिन स्वतः लिहावं लागतं. ऑल्टर (तक्त्याची रचना बदलणं) किंवा ड्रॉपला (तक्ताच काढून टाकणं) तिथे बिगिनचाही उपयोग नाही. त्यासाठी बॅकअपच हवा, आणि तो दुसऱ्या जागी उघडून बघितलेला हवा. व्यवहार उघडा ठेवून चहाला उठू नये. त्या नोंदी कुलूपबंद असतात आणि पलीकडच्या टेबलावर दुसरं कुणी ताटकळत बसलेलं असतं. पावसात लाइट जातेच. कमिट, म्हणजे बदल कायम करणं, झालं नसेल तर काम आपोआप मागे फिरतं, पण नेमकं कमिटच्या क्षणी गेली तर काहीच धरून चालायचं नाही. लाइट आल्यावर पहिलं सिलेक्ट, मग पुढचं.

अपडेटनंतर बदललेल्या नोंदींचा आकडा समोर येतो. कागदावरच्या आकड्याशी तो जुळला तरच कमिट. मायएसक्यूएल सापडलेल्या आणि बदललेल्या नोंदी वेगळ्या सांगतं, दोन्ही वाचावेत. एकाचा जरी फरक असला तरी रोलबॅक, म्हणजे सगळं मागे. एकदा माझ्या कागदावर ११४ होते आणि समोर ११५ आले. शोधलं तेव्हा कळलं, एकाच नावाचे दोन बागायतदार होते, दोन वेगळ्या वाड्यांतले. दुसऱ्याच्या दराला हात लावायचं काहीच कारण नव्हतं.