मुफलिस येत असेल तर रॅझ येईल

सांगलीला आमच्या घरी दिवाळीत तीन पत्ती रंगायची आणि रात्री बारानंतर आत्या जाहीर करायची, "आता मुफलिस!" म्हणजे सगळ्यात हलका हात जिंकणार. तीन राजे आलेला माणूस कपाळाला हात लावून पॅक करायचा. पुढे न्यू जर्सीत, एडिसनला एका मित्राच्या बेसमेंटमध्ये रॅझ हा पोकरचा प्रकार पहिल्यांदा समोर आला तेव्हा बाकीचे गोंधळले होते. मला आत्या आठवत होती.

नियम पटकन उरकते. रॅझ म्हणजे सात पानांचा स्टड (काही पानं झाकून, काही उघडी वाटायचा पोकर), पण उलटा, हलका हात जिंकणारा. आधी दोन पानं झाकून आणि एक उघडं, मग एकेक करून तीन उघडी, सातवं पुन्हा झाकून. सातांतली सर्वांत हलकी पाच धरायची. एक्का सगळ्यात हलका. सिक्वेन्स आणि कलर धरत नाहीत, जोडी मात्र नडते. म्हणून एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सर्वोत्तम हात. हात सगळ्यात मोठ्या पानापासून खाली वाचायचा: अठ्ठी-पंजीचा हात अठ्ठी-छक्कीच्या हाताला हरवतो, खाली काहीही असो. ज्याचं उघडं पान सगळ्यात मोठं, त्याला सक्तीची छोटी बेट, म्हणजे ब्रिंग-इन. चौथ्या पानापासून ज्याची उघडी पानं हलकी तो आधी बोलतो. आम्ही ५० सेंट–१ डॉलर लिमिटवर खेळतो, म्हणजे बेट ठरलेली, आधी ५० सेंटची. पाचव्या पानापासून बेट डॉलरची होते, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीला तीन वेगवेगळी पानं हवीत, अठ्ठी किंवा त्याखालची. अशी तीन पानं साधारण सहा डावांत एकदा येतात. उरलेल्या पाच डावांत चहा प्यायचा आणि दुसऱ्यांची पानं बघायची. खरा खेळ तिथेच आहे.

समजा माझ्याकडे एक्का, तिर्री, छक्की आहे आणि टेबलावर दोन तिर्र्या नि एक छक्की उघडी पडली आहे. नवखा म्हणतो, हलकी पानं संपली. अहो, ती गेली ते बरंच झालं, माझी जोडी व्हायची भीती तेवढी कमी झाली! त्याऐवजी दुर्री, चौकी, पंजी, सत्ती पसरलेल्या असतील तर मला हवी तीच पानं गेली, आणि हाच हात मी कधीकधी सोडतेही. पॅक झालेल्यांची पानं डीलर लगेच उचलतो, म्हणून ती आधीच मनात घ्यायची. मी राजा-राणी-गुलामाकडे ढुंकूनही बघत नाही. फक्त अठ्ठीपर्यंतची पानं ओठातल्या ओठात म्हणते: "तिर्री दोन, छक्की एक." शेजारच्याला वाटतं जप चाललाय.

थोडी चोरीही करावी. माझी तिर्री उघडी आहे, आधीचे सगळे पॅक झालेत, मागे फक्त एक राणी आणि ब्रिंग-इनवाला राजा उरलेत. अशा वेळी झाकलेली पानं राजा-गुलाम असली तरी मी पूर्ण बेट लावते. दोघं बहुतेक सोडतात. एखाद्याने कॉल केला आणि पुढचं पान त्याला हलकं, मला भारी आलं, तर मुकाट्याने पॅक.

चौथ्या पानालाही हाच हिशेब. मला राजा आणि समोरच्याला चौकी आली की सोडायचं. दोघांचंही बिघडलं तर चालू ठेवायचं. हे मला कळायला पैसे मोजावे लागले. एकदा एक्का-दुर्री-तिर्री आली, इतका देखणा हात की सोडवेना. चौथं पान राजा, पाचवं राणी. समोर पंजी, सत्ती, छक्की उघडी दिसत असूनही मी शेवटपर्यंत डॉलर टाकत राहिले. नवरा म्हणाला, "हात नाही, तू फोटो जपत होतीस."

पाचव्या पानावर बेट दुप्पट होते, म्हणून रेंगाळायचं असेल तर तिथे कारण हवं. पण तयार हात म्हणजे पुढे आहोत, असंही नाही. एका डावात माझ्याकडे एक्का-दुर्री-तिर्री-चौकी आणि एक राजा, समोर पंजी ते नव्वी पूर्ण. घरी कागदावर मांडलं: न दिसलेली ४२ पानं, त्यांत पंजी ते नव्वी प्रत्येकी तीन, म्हणजे १५ पानांनी माझा हात बनतो. दोन्ही पानं चुकण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. म्हणजे हात न झालेली मीच पुढे होते! ओबडधोबड नव्वी धरून रेज करणाऱ्यांनी हे एकदा मांडून बघावं.

शेवटी सातवं पान. समोरच्याची राजा, राणी, गुलाम आणि चौकी उघडी असतील, तर झाकलेली तिन्ही कितीही सुंदर असोत, त्याला गुलाम धरावाच लागणार. तुमचा दश्शीचा हात पूर्ण असेल तर तुम्ही हरूच शकत नाही. बेट लावा. आमच्याकडचा एक गृहस्थ अशा वेळी सातवं पान दोनदा उचलून बघतो, सुस्कारा टाकतो आणि तरी कॉल करतो.