छोटा पिकअप घेताय? हौद्याआधी पेलोड बघा

छोटे पिकअप परत जोरात आलेत आणि मला याचा मनापासून आनंद आहे. अमेरिकेत ८० च्या दशकात फोर्डची रेंजर, शेव्हरलेची एस-१० असले आटोपशीर पिकअप भरपूर होते, मग गाड्या फुगत गेल्या, २०११ मध्ये तिथला छोटा रेंजर बंद झाला आणि पुढची दहा वर्षं या साइजमध्ये नवीन काही मिळतच नव्हतं. २०२१ मध्ये फोर्ड मॅव्हरिक आणि ह्युंदाई सांता क्रूझ आल्या तेव्हा चित्र बदललं. ब्राझीलमध्ये मात्र फियाट स्ट्राडा १९९८ पासून चालूच आहे, २०२१ ला तर तिथली सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी तीच.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण हौदा बघतात, फाळका उघडून बघतात आणि गाडी ठरवून टाकतात. आधी पेलोड बघा, म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती वजन वाहू शकते ते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर आकडा मिळेल, नसेल तर एकूण वजनमर्यादेतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा.

आणि हा आकडा फक्त मालाचा नाही, आत बसलेली माणसंही त्यातच धरायची, इथेच सगळे चुकतात. मॅव्हरिकचा पेलोड जास्तीत जास्त ६८० किलो. ७५ किलोची चार माणसं बसली की ३०० गेले, उरले ३८०. मागे ९०० किलोचा ट्रेलर लावला तर त्याचं साधारण १० ते १५ टक्के वजन हुकवर येतं, म्हणजे कमीत कमी अजून ९० किलो गेले. राहिले २९०. म्हणून ओढायची क्षमता आणि वाहायची क्षमता दोन्ही एकाच वेळी पूर्ण वापरता येईल असं धरून चालू नका.

वाळू, माती, खडी भरताना तर फार सांभाळा. मॅव्हरिकचा हौदा जेमतेम एक घनमीटरचा, पण तेवढी कोरडी वाळू दीड टनाच्या आसपास भरते आणि ओली असेल तर अजून जास्त. म्हणजे हौदा अर्धासुद्धा भरायचा नाही!! पाण्याच्या टाकीचा हिशोब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो, फक्त अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिंदकळते म्हणून वेग कमी ठेवा.

जड वस्तू केबिनच्या भिंतीला चिकटवून आणि खाली ठेवा, मागच्या चाकांच्या मागे वजन गेलं की गाडीचं नाक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. मॅव्हरिक आणि सांता क्रूझ, दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते, कारसारखी एकसंध बॉडी असते, त्यामुळे चालवायला फार सुखाच्या, पण याचा अर्थ जास्तीचं वजन खपून जाईल असा नाही.

लांबीचं म्हणाल तर हौदा साधारण साडेचार फूट, आठ फुटी प्लायवूड बाहेर येणारच. मॅव्हरिकचा फाळका अर्धा उघडून अडकवता येतो, तो चाकांवरच्या उंचवट्यांच्या लेव्हलला येतो आणि प्लाय सपाट बसतं, ही सोय मला खूप आवडते. बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड बांधाच.

टायरची हवा स्टिकरप्रमाणे, फुल लोडसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो. ब्रेक लागायला जास्त अंतर लागणार, पुढच्या गाडीपासून लांब राहा. आणि निघाल्यावर १०-१५ किलोमीटरवर एकदा थांबून माल बांधलेले पट्टे परत आवळा, माल बसला की ते ढिले होतात.