मन अस्वस्थ असताना देवाची शांती शोधताय? या चुका टाळा

वडील आयसीयूत होते तेव्हा रोज रात्री मी एकच वचन घोकत असे: कशाचीही चिंता करू नका. घोकून झालं की छातीतली धडधड आणखी वाढायची, कारण आता एकाऐवजी दोन काळज्या असत. एक वडिलांची, दुसरी माझ्या विश्वासाची. वचन म्हणूनही भीती जात नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय, असं वाटायचं. चुकत होतंच, पण मी शोधत होते तिथे नाही.

अर्ध्यावर थांबलेलं वचन

ते वचन बायबलमधल्या, प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या 4थ्या अध्यायातलं, सहावं. मी पहिल्या चार शब्दांवर थांबत होते. पुढे पौल सांगतो की प्रार्थना करा, विनवणी करा, आभार मानत आपलं मागणं देवाला कळवा. चिंता दडपून टाका असं तो म्हणतच नाही. ती कोणाकडे न्यायची ते सांगतो. आणि हे लिहिणारा माणूस बंदिवासात होता. आपण जगणार की मरणार याचा विचार त्याने त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात उघडपणे मांडला आहे. सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला, त्याविषयी लिहिताना देवाने आपल्याला दुःखावर दुःख होऊ दिलं नाही, असंही तो कबूल करतो. काळजी ज्याला कधी शिवलीच नाही अशा माणसाचं हे पत्र नव्हे.

सातव्या वचनात देवाची शांती आपलं अंतःकरण ‘राखील’ असं येतं. तिथला मूळ ग्रीक शब्द लष्करी आहे, शिपायांनी शहरावर पहारा ठेवावा तसा. पहारा असतो तिथे धोकाही जवळपास असतोच. हे कळल्यावर मी भीती गेली की नाही हे तपासत बसणं सोडलं.

मागणंही नेमकं करू लागले. ‘प्रभू, सगळं ठीक कर’ म्हणताना मन कुठेच टेकत नसे. ‘उद्या सकाळी डॉक्टरांशी बोलताना मला नीट ऐकू दे, नीट विचारू दे’ एवढं मागितलं की त्या रात्रीपुरतं ओझं हातातून सुटायचं.

देवापुढे शहाण्यासारखं वागणं

लहानपणापासून प्रार्थनेची एक भाषा आपल्या कानावर पडते, आणि संकटातही आपण तीच बोलत राहतो. आत आक्रोश असतो आणि ओठांवर ‘तुझी स्तुती असो’. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांत तक्रारीची, रडण्याची स्तोत्रं किती आहेत ते एकदा पाहा. 13व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांतच ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. खुद्द प्रभू येशूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळून जावो म्हणून तीन वेळा प्रार्थना केली, आणि तिघा शिष्यांना माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवलं.

वादळात नाव भरू लागली तेव्हा शिष्यांनी झोपलेल्या येशूला उठवून विचारलं, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? इतकी उद्धट प्रार्थना आपण कधी केली नसेल. मार्कच्या 4थ्या अध्यायात पाहा, त्याने आधी वारा शांत केला आणि विश्वासाविषयी नंतर विचारलं.

थकव्याला अविश्वास समजणं

माझ्या मते ही सगळ्यांत घातक चूक, कारण ती प्रामाणिक माणसांकडून होते. दोन-दोन रात्री जागरण, पोटात धड अन्न नाही, आणि प्रार्थनेत मन लागलं नाही की आपण स्वतःला दोषी ठरवतो. मग प्रायश्चित्त म्हणून उपास धरतो, आणखी जागतो.

पहिल्या राजांच्या पुस्तकात 19व्या अध्यायात एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला हा संदेष्टा. देवाने त्याला काय उत्तर दिलं? उपदेश केला नाही, विश्वास मोजला नाही. त्याला झोपू दिलं. दूताने हात लावून उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो खाऊन पुन्हा झोपला, दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला लावलं, कारण वाट लांबची होती. होरेब डोंगरावरची ती मंद वाणी त्यानंतर 40 दिवसांनी आली. आधी भाकर, मग झोप, मग चालणं, मग वाणी. तुम्ही आज पहिल्याच पायरीवर असाल तर जेवा आणि झोपा. देव तिथेही आहे.

डॉक्टर म्हणजे विश्वासाची हार

असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने त्याला उपायही सुचवला. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, दम कोंडत असेल, मरणाचे विचार येत असतील तर आजच घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना गाठा. प्रार्थना चालूच ठेवा.

सोबत टाळणं, आणि सोबतीला गेल्यावर बोलत सुटणं

‘विश्वास ठेव, सगळं चांगलंच होईल’ असं मला आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बहिणीने अतिदक्षता विभागाच्या दाराशी सांगितलं. तिचा हेतू वाईट नव्हता, पण त्यानंतर मी मंडळीतल्या कोणाचाही फोन उचलेना. ती माझी चूक. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ 7 दिवस जमिनीवर गप्प बसले, तेवढे दिवस ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. असा गप्प बसू शकणारा एकच माणूस शोधा.

देवाला तारीख देणं

‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायातलं अकरावं वचन आपण भिंतीवर लावतो. त्याआधीचं दहावं कोणी लावत नाही. त्यात सुटकेआधीची 70 वर्षं लिहिली आहेत. ही वचनं यिर्मयाच्या एका पत्रातली आहेत, आणि ते पत्र बाबेलात बंदी म्हणून गेलेल्यांना होतं. घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेलं गेलात त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, असं त्यात आहे. तिथला ‘शांती’ आणि अकराव्यातला ‘हित’, मूळ हिब्रूत दोन्हीकडे शब्द एकच आहे: शालोम.

वडील बरे व्हावेत म्हणून मी ईस्टरची मुदत धरली होती. ते त्याआधीच गेले. पुढचे काही महिने मी फार थोडं करू शकले. सकाळी अंथरूण आवरायचं, मैत्रिणीला फोन लावायचा, 13वं स्तोत्र मोठ्याने वाचायचं. पहिली चार वचनं सहज जायची. ‘मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’ या पाचव्याशी कित्येकदा आवाज अडायचा. मग पुढचं ती वाचायची.