पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट: माझा अनुभव

वरूडजवळच्या आमच्या गावातून मी संत्रा बागायतदारांच्या गटाची वेबसाइट सांभाळतो. गटातल्या काकांना व्हॉट्सअॅपवर पूर्ण पानाचा फोटो हवा होता. एका एक्स्टेन्शनने (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) काढला, तर वरची मेन्यूची पट्टी आंबिया बहाराच्या (संत्र्याच्या एका फुलोरा-हंगामाच्या) तक्त्यावर तीनदा उमटली. ते एक्स्टेन्शन पान सरकवत त्याच्या फोटोचे तुकडे काढतं आणि जोडतं. चिकटलेली पट्टी प्रत्येक तुकड्यात येते. दुसऱ्याने सगळ्या साइटवरचा मजकूर वाचायची परवानगी मागितली. ती मी देणार नव्हतोच, याच ब्राउझरमध्ये बँकेचं कामही चालतं.

शेवटी क्रोममध्येच सोय सापडली. एफ-12, मग कंट्रोल-शिफ्ट-पी, स्क्रीनशॉट टाइप करून ‘कॅप्चर फुल साइज’. पट्टी एकदाच! फक्त आधी पान तळापर्यंत सरकवून घ्या, नाहीतर खालचे फोटो कोरे येऊ शकतात.

एक एक्स्टेन्शन मात्र ठेवलं: प्रत्येक घटकाभोवती रंगीत चौकट आखणारं. मोबाइलवर पान आडवं का हलतं, हे त्यानेच दाखवलं. मृग बहाराचा तक्ता पार पडद्याबाहेर गेला होता. त्याला वेगळ्या डिव्हमध्ये (पानाच्या कोडमधल्या कप्प्यात) घालून त्या डिव्हला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो (न मावलेला भाग आतच आडवा सरकू देणारी सूचना) दिलं. आता तक्ता सरकतो, पान जागेवर राहतं.